टीव्ही घ्यायचाय? आधी शिवणाच्या डब्यातली टेप काढा!

गेल्या दसऱ्याला आमच्या शेजारच्या वहिनींकडे नवा टीव्ही आला. चांगला ५५ इंची! वहिनींना त्याच सुमारास भिशी लागली होती. पैसे त्यांचे, निवड मुलाची आणि शिफारस दुकानातल्या सेल्समनची. संचाला हळदकुंकू लावलं, आपट्याचं पान ठेवलं, पेढे वाटले. आम्हीही जाऊन कौतुक करून आलो.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी विरजण मागायला गेले, तर वहिनींच्या सासूबाई – आम्ही सगळे त्यांना काकू म्हणतो – आतल्या खोलीत एकट्याच बसलेल्या. त्यांच्या मालिकेची तर वेळ झालेली. म्हटलं, “काय काकू, आज मालिका नाही का बघायची?”

“अगं, त्या नव्या टीव्हीत काय बोलतात तेच समजत नाही मेलं! आणि अर्धा तास बघितलं की मान धरते, डोकं दुखतं. बघू देत पोरांना.”

ओट्याशी पोळ्या लाटता लाटता वहिनी हळूच म्हणाल्या, “माझं तरी काय वेगळं? इथून टीव्ही बघत बघतच माझा स्वयंपाक व्हायचा. आता इथून सगळी माणसं पांढुरकी दिसतात. पण बोलायचं कुणाला? पैसे तर गेले ना!”

घरात सगळ्यांत जास्त टीव्ही बघणाऱ्या या दोघी. आणि नव्या टीव्हीला मुकल्या त्याही याच दोघी!

मैत्रिणींनो, संच वाईट होता असं मुळीच नाही. चूक एवढीच झाली, की टीव्ही दुकानात बघून घेतला. घर बघून, घरातली माणसं बघून घेतला नाही. साडी घेताना आपण पदर उलगडून उजेडात नेऊन बघतो, कुकर घेताना झाकण चारदा लावून बघतो. मग टीव्हीच्या बाबतीतच “मला बाई त्यातलं काही कळत नाही” असं म्हणून मागे का सरायचं? कळण्यासारखं आहे सगळं. चला, एकेक गोष्ट बघू या.

आधी घर मोजा

दुकानात जाण्यापूर्वी शिवणाच्या डब्यातली टेप काढा. टीव्ही जिथे लावायचा ती भिंत मोजा, आणि रोज जिथे बसून बघता तो दिवाण किंवा खुर्ची भिंतीपासून किती फुटांवर आहे तेही मोजा. हे दोन आकडे कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा.

टीव्हीचे इंच म्हणजे पडद्याची रुंदी नव्हे, बरं का! पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंतचं ते माप असतं. म्हणजे ३२ इंची टीव्ही सुमारे २८ इंच रुंद आणि १६ इंच उंच असतो. ४३ इंची साडेसदतीस इंच रुंद आणि २१ इंच उंच. ५५ इंची तर ४८ इंच रुंद – चक्क चार फूट! – आणि २७ इंच उंच. शोकेसच्या कप्प्यात टीव्ही बसवायचा असेल तर हा हिशेब आधीच केलेला बरा.

आणखी एक युक्ती. जुनी वर्तमानपत्रं चिकटवून त्या मापाचा कागद तयार करा आणि दोन दिवस भिंतीवर लावून ठेवा. येताजाता, जेवताना, स्वयंपाक करताना तो डोळ्यांना कसा वाटतो ते बघा. फुकटची परीक्षा, पण सेल्समनच्या दहा वाक्यांपेक्षा खरी!

एचडी, फुल एचडी, ४के – एवढं काय ते?

मुंबईचं दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. १५ ऑगस्ट १९८२ ला देशात रंगीत प्रक्षेपण आलं. त्या वेळचं चित्र ६२५ आडव्या रेषांचं, आणि प्रत्यक्ष चित्रासाठी त्यांतल्या ५७६ रेषाच कामी यायच्या. तेवढ्या रेषांवर चाळीतली पंचवीस माणसं एका खोलीत बसून ‘गजरा’ बघायची, आणि कुणाची तक्रार नसायची!

आता चित्र बारीक ठिपक्यांनी बनतं. रांगोळीसारखंच समजा, ठिपके जितके जास्त आणि जवळ जवळ, तितकी नक्षी बारीक. ‘एचडी रेडी’ म्हणून मिळणाऱ्या बहुतेक संचांत ठिपक्यांच्या ७६८ ओळी असतात, ‘फुल एचडी’त १०८० आणि ‘४के’त २१६०. एकूण ठिपके मोजले तर एचडी रेडीत साधारण साडेदहा लाख, फुल एचडीत पावणेएकवीस लाख आणि ४केत सुमारे ८३ लाख.

पण रांगोळी गच्चीवरून बघितली तर ठिपके दिसतात का? तसंच इथे. चांगल्या नजरेच्या माणसालाही ३२ इंची एचडी रेडी संचाचे ठिपके सहा फुटांपलीकडून दिसत नाहीत. ४३ इंची फुल एचडी संचाचे साडेपाच फुटांपलीकडून, आणि ५५ इंची फुल एचडीचे सव्वासात फुटांपलीकडून दिसत नाहीत. म्हणजे तुमचा दिवाण आठ फुटांवर असेल, तर ४३ इंची संचात केवळ ४केसाठी जादा पैसे मोजून डोळ्यांना काही जास्त मिळायचं नाही. हल्ली ४३ इंच आणि त्यापुढचे बहुतेक संच ४केच येतात, ते घ्यायला हरकत नाही. पण त्या एका शब्दाला भुलू नका, आणि ८केच्या वाटेला तर जाऊच नका.

टीव्ही एचडी, पण चित्र कुठलं?

काकूंच्या घरात नेमकं इथेच पाणी मुरत होतं. टीव्ही नवा, पण त्याला जोडलेला सेट-टॉप बॉक्स जुना, साध्या चित्राचा. तोही लाल, पिवळ्या, पांढऱ्या वायरींनी जोडलेला. साध्या वाहिनीचं चित्र त्या जुन्या ५७६ रेषांचंच असतं. ते ५५ इंचांवर ताणलं, की फाटक्या चादरीसारखी त्याची वीण दिसते. हिशेबच करायचा तर असं चित्र त्या पडद्यावर रेखीव दिसायला तेरा फूट लांब बसायला हवं, आणि खोली तर दहा फुटांची!

तेव्हा टीव्ही ठरवण्याआधी आपल्या केबलवाल्याला किंवा डिशवाल्याला तीन प्रश्न विचारा. आमचा बॉक्स एचडी आहे का? आम्ही बघतो त्या वाहिन्या एचडीत घेतल्या तर महिन्याला किती जास्त पडतील? आणि जोडणी एचडीएमआय वायरने कराल ना? मराठी मालिकांच्या मोठ्या वाहिन्या एचडीतही असतात, पण त्यांचं पॅकेज वेगळं पडतं. हा महिन्याचा खर्च झेपणार नसेल आणि घरात इंटरनेटही नसेल, तर ३२ इंची संच घ्या. आठ फुटांवरून साधी वाहिनीही त्यावर छान दिसते. मोठा संच घेऊन अस्पष्ट चित्र बघण्यापेक्षा हे केव्हाही शहाणपणाचं.

दुकानात गेल्यावर

दुकानात भिंतभर टीव्ही झगमगत असतात. कुठे मोर, कुठे समुद्र, कुठे लालभडक फुलं. लक्षात ठेवा, ती चित्रं मुद्दाम दुकानासाठी केलेली असतात, आणि संचही भडक रंगांवर लावून ठेवलेले असतात. कापडाच्या दुकानातल्या दिव्यांसारखाच प्रकार! तेव्हा न लाजता चार गोष्टी करायला सांगा.

पहिली: रंगांची मांडणी ‘होम’, ‘स्टँडर्ड’ किंवा ‘सिनेमा’वर करायला सांगा. माणसांच्या चेहऱ्याचा रंग बघा. कातडी कातडीसारखी दिसली पाहिजे, हळद लावल्यासारखी नव्हे.

दुसरी: मोर-समुद्र बंद करून तुमची रोजची वाहिनी लावायला सांगा. शक्य असेल तर एचडी आणि साधी, दोन्ही.

तिसरी: टीव्हीच्या अगदी बाजूला जाऊन उभ्या राहा. घरी ओट्यापासून जेवढं तिरकं दिसतं तेवढ्याच तिरक्या. काही संचांत आयपीएस जातीचं पॅनेल असतं. ते बाजूनेही रंग धरून ठेवतं, मात्र अंधारात त्यातला काळा रंग थोडा राखाडी वाटतो. व्हीए जातीच्या पॅनेलचा काळा रंग गडद, पण बाजूने बघितलं की चित्र बहुधा फिकटतं. वहिनींचा संच या दुसऱ्या प्रकारचा होता. सेल्समनला जात सांगता आली नाही तरी बिघडत नाही. आपले डोळे सांगतात!

चौथी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची: डोळे मिटा आणि ऐका. टीव्ही पातळ झाले तसे त्यांतले स्पीकरही लहान झाले, आणि पुष्कळ संचांत त्यांचं तोंड खाली किंवा मागे असतं. संगीत दणदणीत वाजतं, पण बोलणं पुटपुटल्यासारखं येतं. दोन माणसांचा साधा संवाद लावा आणि घरातल्या ज्येष्ठांना ऐकवा. शब्द कळत नसतील, तर वेगळ्या साउंडबारचा खर्च आत्ताच बजेटमध्ये धरा; त्यासाठी टीव्ही एक आकडा लहान घ्यावा लागला तरी चालेल.

एलईडी, क्यूएलईडी, ओएलईडी या नावांनी गोंधळू नका. पहिल्या दोन्हींत पडद्यामागे दिवे असतात. क्यूएलईडीत रंग जास्त खुलवण्यासाठी एक जादा थर असतो, एवढंच. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि विझतो, त्यामुळे काळोख खराखुरा काळा दिसतो, आणि बाजूनेही चित्र सुंदर राहतं. मात्र किंमत जास्त. शिवाय ज्या घरात दिवसभर बातम्यांची एकच वाहिनी चालू असते, तिथे त्या खालच्या पट्टीचा डाग कालांतराने पडद्यावर उमटण्याचा धोका असतो.

खर्चाची बाजू

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ३२ इंचांपर्यंत तो आधीपासूनच १८ टक्के होता. म्हणून ‘मूळ किमतीत एवढी सूट’ या पाटीवर जाऊ नका. दोन-तीन ठिकाणचे शेवटचे भाव विचारा. विजेचा हिशेब सोपा आहे. १०० वॅटचा संच रोज ५ तास चालला, तर महिन्याला १५ युनिटं. तारांकित लेबलावर वर्षाची युनिटं छापलेली असतात, ती दोन संचांची ताडून बघा. बिलावर संचाचा नंबर लिहून घ्या आणि खोकं उघडताना मोबाइलवर चित्रण करून ठेवा. पडदा तडकलेला निघाला तर हाच पुरावा. दुकानदार दाद देईना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहेच.

घरी आणल्यावर

टीव्ही कपाटाच्या वर, देवाच्या तसबिरीच्या रांगेत टांगू नका. बसल्यावर आपले डोळे जिथे येतात, साधारण तिथेच पडद्याचा मध्य हवा. घरात खाली बसून जेवायची पद्धत असेल तर आणखी थोडा खाली. खिडकी किंवा ट्यूबलाइट बरोबर समोर नको. पडद्यात तीच दिसत राहील. रंगांची मांडणी लगेच बदलून घ्या. पडदा पुसायला मऊ कोरडं कापड घ्या. काचेवर मारायचा फवारा थेट पडद्यावर मुळीच नको. आणि विजा कडाडायला लागल्या की नुसता रिमोट दाबून थांबू नका. प्लग काढा आणि डिशची वायरही काढा.

काकूंचं पुढे काय झालं, असं विचाराल. वहिनींनी एका रविवारी मुलाला समोर बसवलं आणि दोघींच्या तक्रारी सरळ सांगितल्या. पोरगा ओशाळला. “आजी, आधी का नाही बोललीस?” म्हणाला. त्याने टीव्ही फूटभर खाली घेतला, भडक रंग मवाळ केले, बॉक्स बदलून एचडी आणला आणि पुढच्या पगारात साउंडबार घेतला. परवा गेले तेव्हा काकू दिवाणावर मांडी घालून बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, “बस गं, पण जाहिरात लागेपर्यंत बोलू नकोस!”

ओट्यापासूनचं दिसणं मात्र काही सुधारलं नाही. तो पॅनेलचा स्वभावच, त्याला औषध नाही. वहिनी अजून कान टीव्हीकडे नि नजर तव्याकडे ठेवून स्वयंपाक करतात. दुकानात दोन पावलं बाजूला सरकून बघितलं असतं, तर एवढंही सोसावं लागलं नसतं.

म्हणून सांगते, टीव्ही घ्यायला निघाल की घरातलं कोण सगळ्यांत जास्त वेळ तो बघतं ते आठवा. त्या माणसाला बरोबर न्या. आणि ते माणूस तुम्हीच असाल, तर मागे उभ्या राहू नका. पुढे होऊन बघा, ऐका, मग पसंत करा.