माळावर फिरते ती प्रत्येक घार नसते

आज बोलायचंय आपल्या पिल्लांबद्दल, म्हणजे कोंबडीच्या पिल्लांबद्दल, आणि ती कोण नेतं याबद्दल.

गेल्या वर्षी आमच्या बचत गटातल्या सहा जणींनी कर्ज घेऊन परसात कोंबड्या पाळल्या. दिवाळीनंतर एका ताईंची आठ दिवसांत पाच पिल्लं गेली. बांधापलीकडच्या माळावर रोज एक मोठा पक्षी गवताला घासून जावा तसा फिरायचा. "हीच ती घार," म्हणून त्यांच्या घरच्यांनी मटणाच्या तुकड्यांना विषारी औषध लावून माळावर टाकायचं ठरवलं. बैठकीत विषय निघाला तेव्हा मी म्हटलं, "ताई, दोन दिवस थांबा. आधी चोर कोण ते बघू."

आपण सोलापूरकडची माणसं. पाऊस सरला की आपल्या माळांवर शिकारी पक्षी पाहुणे म्हणून येतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात यायला लागतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परत जातात. काही तर थेट कझाकस्तानातून येतात. तिकडे बर्फ पडतं, खायला मिळत नाही. आपण मात्र सगळ्यांना सरसकट घारच म्हणतो.

ओळखायला दुर्बीण नसली तरी चालते. तीन गोष्टी बघायच्या: कुठे उडतो, कसा उडतो आणि शेपटी कशी आहे. रंग शेवटी बघा, कारण एकाच जातीत नर, मादी आणि पिल्लू वेगवेगळ्या रंगांचे असू शकतात.

घार आपल्याकडे बारा महिने असते. गावावर, उकिरड्यावर घिरट्या घालते. रंग तपकिरी आणि शेपटीला मधोमध खाच. ही खाच दिसली की घार समजायची.

शिक्रा कबुतराएवढा. पंख आखूड, शेपटी लांब आणि पट्ट्यापट्ट्यांची. झाडात लपून बसतो, झपकन खाली येतो आणि चार वेळा पंख मारून तरंगत निघून जातो. हाही इथलाच.

कापशी पांढरी-राखाडी, खांद्यावर काळा डाग, डोळे लालभडक. तारेवर बसते, हवेत एकाच जागी पंख फडफडवत थांबते. तिचं मुख्य खाणं उंदीर. तशीच हवेत थांबणारी, पण विटकरी पाठीची दिसली तर ती खरूची. ती हिवाळ्यातली पाहुणी. उंदीर आणि टोळ खाते.

आणि भोवत्या. पंख लांब, शेपटी लांब. गवतापासून हात-दोन हातांवर, पंख किंचित वर उचलून, तरंगत फिरतो. मादी तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. नर फिकट राखाडी, पंखांची टोकं काळी. तळ्याकाठी गडद तपकिरी अंगाचा आणि फिकट डोक्याचा दिसला तर तो दलदली भोवत्या.

आम्ही दोघी सकाळी अंगणात बसलो. माळावरचा पक्षी भोवत्याची मादी निघाली. शेपटीवरचा पांढरा पट्टा ताईंनीच आधी पाहिला. दोन्ही सकाळी ती अंगणाकडे फिरकलीसुद्धा नाही. माळावरचे टोळ, सरडे, उंदीर, छोटे पक्षी हे तिचं खाणं. जे टोळ आपलं पीक खातात तेच ती खाते. दुसऱ्या दिवशी लिंबाच्या झाडातून शिक्रा उतरला आणि आमच्या डोळ्यांदेखत पिल्लू घेऊन गेला.

मग शिक्र्याला मारायचं का? नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या सगळ्या पक्ष्यांना संरक्षण आहे. शिवाय विष लावलेला तुकडा कोण खाईल हे आपल्या हातात नसतं. भोवत्या खाईल, शेजाऱ्याचं कुत्रं खाईल. त्यापेक्षा पिल्लं पहिले पाच-सहा आठवडे डालग्याखाली किंवा जाळीत ठेवायची. ताईंनी जुनी मासेमारीची जाळी चार काठ्यांवर ताणली. त्यानंतर पिल्लं जायची थांबली. जाळीला खर्च आला दीडशे रुपये. एवढ्यासाठी आपण माळावर विष टाकणार होतो.

आणखी एक. भोवत्ये रात्री झाडावर झोपत नाहीत. माळावरच्या उंच गवतात, जमिनीवर, बरेच जण एकत्र झोपतात. गवत पेटवलं की त्यांचा मुक्काम जातो आणि आपल्या जनावरांचा चाराही जातो. संध्याकाळी ते जिथे उतरताना दिसतील तिथे कुत्री नेऊ नका, काडी लावू नका.

गावाने ठरवलं तर काय होतं बघा. अमूर ससाणा नावाचा छोटा पक्षी रशिया-चीनकडून निघतो, नागालँडमध्ये थांबतो आणि आपल्या देशावरून, अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत जातो. २०१२ साली नागालँडमध्ये दोयांग जलाशयाजवळ जाळी लावून हे पक्षी हजारोंनी मारले गेले. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, तिथल्या गावांनी ही शिकार थांबवली.

आपल्याला तर एवढंही करायचं नाही. पुढच्या वेळी पिल्लू गेलं की औषधाच्या बाटलीकडे हात जायच्या आधी मान वर करा. शेपटी बघा. आणि काय दिसलं ते गटाच्या बैठकीत सांगा.