भेकांचे स्नायुतंतू

भेकाच्या सांगाड्याशी जोडलेले स्नायू ज्या लांब, दंडाकार कोशिकांचे बनलेले असतात त्यांना स्नायुतंतू म्हणतात. आकुंचनाचा वेग, ते टिकविण्याची क्षमता व ऊर्जा मिळविण्याची रीत यांनुसार त्यांचे प्रकार पडतात. हे भेद बऱ्याच अंशी तंतूंतील प्रथिनांमुळे उत्पन्न होतात.

नागपूर परिसरात आढळणारा सामान्य भारतीय भेक (डुटाफ्रिनस मेलॅनोस्टिक्टस, पूर्वीचे नाव ब्यूफो मेलॅनोस्टिक्टस) पावसाळ्यात प्रजननासाठी साचलेल्या पाण्याकडे येतो. नर मादीला पाठीवरून पुढील पायांनी कवटाळतो व ही पकड कित्येक तास टिकू शकते. भक्ष्यावर जीभ फेकण्यास मात्र त्याला सेकंदाचा अल्प अंश पुरतो. ही दोन्ही कामे एकाच प्रकारच्या तंतूला साधणारी नाहीत.

उभयचरांच्या स्नायूंत मुख्यतः दोन प्रकारचे तंतू असतात. झटक्याने आकुंचन पावणाऱ्या तंतूत तंत्रिकेचा आवेग पोहोचताच विद्युत् स्पंद सर्वत्र पसरतो व संपूर्ण तंतू आखडतो. ताण टिकविणाऱ्या तंतूवर तंत्रिकेची टोके अनेक ठिकाणी जोडलेली असतात. त्यात असा स्पंद पसरत नाही. तो सावकाश आखडतो व अल्प ऊर्जेत दीर्घकाळ ताण धरून ठेवतो. आफ्रिकेतील झेनोपस या जलचर उभयचरात तंतूंचे पाच प्रकार ओळखण्यात आले आहेत.

मायोसीन व ॲक्टिन या प्रथिनांचे तंतुक एकमेकांवरून सरकल्याने स्नायू आखडतो, हे १९५४ मध्ये दोन स्वतंत्र संशोधक गटांनी मांडले. मायोसीन एटीपी या संयुगाचे विघटन ज्या वेगाने करते, त्यावर सरकण्याचा वेग अवलंबून असतो. प्रत्येक प्रकारच्या तंतूतील मायोसीन थोडे वेगळे असते. द्रुत तंतूंतील पार्व्हाल्ब्युमीन हे प्रथिन कॅल्शियम बांधून घेते व तंतू त्वरित शिथिल होण्यास मदत करते.

संकटसमयी बेडूक लांब उड्या घेतो व लवकर थकतो. भेक आखूड उड्या घेत बराच वेळ पुढे जात राहतो. त्याच्या स्नायूंची ऑक्सिजन वापरून ऊर्जा मिळविण्याची क्षमता अधिक असते.

उभयचरांतील अनेक जातींच्या नरांत मिठीसाठी लागणारे पुढील पायांचे स्नायू मादीपेक्षा जाड असतात. त्यांची वाढ वृषणातील टेस्टोस्टेरॉन या हॉर्मोनावर अवलंबून असते. प्रतिस्पर्धी नर जोडीतील नराला ढकलून बाजूला सारण्याचा प्रयत्न करतात. पकड सुटल्यास अंडी दुसऱ्याच नराकडून फलित होतात. म्हणून नराला संतती लाभणे हे या तंतूंच्या टिकाऊपणावरही अवलंबून असते.