‘हिंदू’ नावाच्या कायद्याने बौद्धांना दत्तक घेता येते का? सावत्र व नात्यातील मुलांसाठी माहिती

आपल्या वस्त्यांमध्ये दुसऱ्याचे मूल वाढवणे नवे नाही. भाऊ अकाली गेला की पुतण्याला काका घरी आणतो, बहीण वारली की भाचीला मावशी सांभाळते. विधवा किंवा घटस्फोटित ताईचा पुनर्विवाह झाला की नवा नवरा तिच्या मुलाला आपले नाव लावतो. शाळेच्या दाखल्यावर नाव लागते, रेशनकार्डावर चढते आणि घरच्यांना वाटते, दत्तक झाले. कायद्याच्या नजरेत मात्र काहीच झालेले नसते.

हे कळते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. सांभाळणारा बाप मृत्युपत्र न करता गेला, तर वारसा कायद्यातील ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ या शब्दांत सावत्र अपत्य येत नाही. ज्या घरात मूल वाढले, त्या घरावरच त्याचा हक्क उरत नाही.

नावावर अडू नका

“आपण बौद्ध, मग हिंदू कायदा कशाला?” असे अनेक तरुण विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि बौद्धांसाठी स्वतंत्र कायद्याची मागणीही समाजात आहेच. पण आजच्या घडीला हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ हा कलम २ नुसार बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. तो लागू होतो म्हणून आपण हिंदू ठरत नाही. बाबासाहेबांच्या हिंदू कोड बिलात दत्तकाचा विषय होताच. ते बिल रखडले, १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि दत्तकाचा हा कायदा २१ डिसेंबर १९५६ रोजी, महापरिनिर्वाणानंतर १५ दिवसांनी अस्तित्वात आला.

महत्त्वाचे म्हणजे, दत्तक वैध ठरण्यासाठी दत्तहोम आवश्यक नाही, हे कलम ११ मध्येच लिहिले आहे. मूल प्रत्यक्ष देणे आणि घेणे एवढे मात्र घडलेच पाहिजे. ते विहारात त्रिसरण-पंचशील घेऊन करता येते. त्यानंतर दोन्ही बाजूंच्या सह्यांचे दत्तकपत्र दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवा. नोंदणीकृत दत्तकपत्र असेल तर न्यायालय दत्तक कायद्यानुसार झाले असे गृहीत धरते. विहाराचे प्रमाणपत्र हा त्याला पर्याय नाही.

अटी नीट पाहा

या कायद्यानुसार मूल साधारणपणे १५ वर्षांखालील आणि अविवाहित हवे. स्वतःचा मुलगा, नातू किंवा पणतू हयात असेल तर मुलगा दत्तक घेता येत नाही. मुलगी किंवा मुलाची मुलगी असेल तर मुलगी घेता येत नाही. पुरुषाने मुलगी किंवा स्त्रीने मुलगा घेताना वयात किमान २१ वर्षांचे अंतर लागते. पतीला पत्नीची आणि, २०१० च्या दुरुस्तीनंतर, पत्नीला पतीची संमती लागते.

मूल देण्याचा अधिकार आई-वडिलांचा. सावत्र मुलाच्या बाबतीत वडील वारले असतील तर आई देऊ शकते. घटस्फोट झाला असेल तर जन्मदात्याची संमती लागते. तो खर्च देत नाही किंवा भेटायला येत नाही, एवढ्याने ती अट संपत नाही. दोन्ही पालक वारले असतील तर आजी किंवा काका परस्पर दत्तकपत्र करू शकत नाहीत. आधी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. सर्वाधिक दत्तकपत्रे फसतात ती इथेच.

दुसरी वाट

वय १५ च्या पुढे आहे किंवा घरात आधीच मुलगा आहे, तर बाल न्याय कायदा, २०१५ पाहा. तो सर्व धर्मीयांना खुला आहे आणि १८ वर्षांखालील मुलांना लागू होतो. नातेवाईक म्हणून त्यात काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा येतात. मोठा भाऊ किंवा बहीण येत नाही. सावत्र पालकांसाठीही यात तरतूद आहे. अर्ज केंद्रीय दत्तक प्राधिकरण म्हणजे ‘कारा’च्या पोर्टलवर होतो आणि पाच वर्षांवरील मुलाची स्वतःची संमती घेतली जाते. २०२१ च्या दुरुस्तीने आदेशाचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांना दिला. त्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी जिल्हा बाल संरक्षण कक्षात चौकशी करा.

याच न्यायालयाने २०२३ मध्ये एक महत्त्वाचा निकाल दिला. बहिणीचे मूल दत्तक घेऊ पाहणाऱ्या घटस्फोटित महिलेला, ती नोकरी करते म्हणून मुलाकडे लक्ष देऊ शकणार नाही, असे सांगत खालच्या न्यायालयाने नाकारले होते. उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. एकट्या कमावत्या मावशीने, आत्याने मागे हटण्याचे कारण नाही.

दत्तकच हवे का?

दत्तकानंतर जन्मकुटुंबाशी कायदेशीर नाते तुटते आणि वैध दत्तक रद्द करता येत नाही. मुलाच्या नावे आधीच आलेली मालमत्ता, उदाहरणार्थ मृत वडिलांचा हिस्सा, त्याच्याकडेच राहते. पण आई हयात आहे, फक्त शिक्षणापुरते मूल मामाकडे आहे, अशा वेळी नाते तोडण्यापेक्षा न्यायालयाकडून पालकत्व घेणे बरे. मृत्युपत्र करता येते. गरजू कुटुंबांसाठी राज्याची बालसंगोपन योजनाही आहे.

कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतील अशा घरांत जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात: मुलाचे वय किती, जन्मदाते हयात आहेत का, घरात आधी कोणती अपत्ये आहेत. कोणती वाट धरायची हे यावरून बरेचसे ठरते. मग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत सल्ला घ्या. मूल १५ वर्षांचे होण्याआधी हे काम झाले तर दोन्ही वाटा खुल्या राहतात.