कॉफीच्या कपातलं गणित

बालमित्रांनो, आमचा गोंदिया जिल्हा धानाचा. इथला चिन्नोर तांदूळ सुवासिक. त्यात तेवढाच साधा तांदूळ मिसळला, तर वास कमी होईल, पण नाहीसा होणार नाही. कॉफीतल्या कॅफिनचंही तसंच आहे, बरं का!

कॉफीच्या बियांतून कॅफिन वेगळं काढलं ते रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं, १८१९ साली. दिवसभरात आपल्या मेंदूत ॲडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो. ‘आता झोपा’ हा निरोप त्याचाच. कॅफिन त्याची जागा अडवतं. मग झोप लांबते. थकवा मात्र तसाच राहतो!

परीक्षा जवळ आली, की रात्री कॉफीची आठवण होते. बाजारात कॅफिन काढलेली कॉफीही मिळते. “दोन्ही निम्मी-निम्मी मिसळू, मग काय बिघडतं?” असं तुम्ही म्हणाल. चला, हिशेब करू.

साध्या कॉफीच्या कपात ८० मिलिग्रॅम कॅफिन आहे असं धरा. कॅफिन काढलेल्या कॉफीतही थोडं उरतंच. ते ४ धरा. निम्मी-निम्मी मिसळली, तर ४० अधिक २, म्हणजे ४२. एक भाग साधी आणि तीन भाग दुसरी घेतली, तर २० अधिक ३, म्हणजे २३. आणि निम्म्या मिसळीचे दोन कप प्यायलात तर? ८४! साध्या एका कपापेक्षाही जास्त. मिसळ करून काय मिळवलं?

आपल्याकडच्या बऱ्याच पाकिटांत मिसळ आधीच केलेली असते, ती चिकोरीची. कॉफी म्हणजे झाडाचं बी. आपल्या विदर्भात चिखलदऱ्यालाही ती पिकते. चिकोरी म्हणजे भाजलेलं मूळ. त्यात कॅफिन नसतं. नियमाप्रमाणे चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंतच घालता येते आणि तिचं प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. ‘कॉफी ७०, चिकोरी ३०’ असं असेल, तर त्या एका चमच्यात निव्वळ कॉफीच्या ७० टक्के कॅफिन. पण चव फिकी लागली म्हणून दोन चमचे घातले, तर ते होतं १४० टक्के!

आणि चहा? त्यातही कॅफिन असतंच. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१५ साली मुलांसाठी एक माप सुचवलं: दिवसाला दर किलो वजनामागे ३ मिलिग्रॅम. ३० किलोच्या मुलाला ते झालं ९०. चहाचे दोन कप, प्रत्येकी ४० धरले, तर ८० तिथेच संपले. त्यावर रात्री मिसळीचा एक कप, की १२२! शिवाय मोठ्या माणसाच्या शरीरातलंसुद्धा निम्मं कॅफिन जायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे रात्री दहाचा कप पहाटे तीनपर्यंत पुरता सरत नाही. आणि वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं, ते झोपेतच.

तेव्हा आईबाबांनो, रात्रीच्या अभ्यासाला कॉफीपेक्षा लवकर झोपणं बरं. आणि मुलांनो, घरातलं कॉफीचं पाकीट उलटं करून पाहा. टक्के सापडले, की वही काढा आणि गणित मांडा!