शंभराले दहा

माझ्या मामांनी गळ्यात माळ घातली त्याला सहा वर्षं झाली. अकोल्यात घरचं कुठलंही लग्न असो, पंगतीत शेजारी बसेल त्याला ते सांगतात, "मटण सोडलं अन् पोट गंगेवानी साफ झालं." मग पोळ्याच्या करीला रश्श्यावर आडवा हात मारणारा कुणीतरी उचकतो, "आमचं का नाली हाय काय?" हा वाद मी इतक्यांदा ऐकलाय, की अमरावतीच्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राची पोरं हेच बाटलीत घालून पाहताहेत असं कळल्यावर मी दुसऱ्याच दिवशी गाडी धरली.

नाकाची तयारी करूनच गेलो होतो. प्रयोगशाळेच्या दारात मात्र वास आला तो भाजलेल्या भाकरीचा. ओव्हनमध्ये ज्वारीच्या भाकरीचे तुकडे वाळत होते आणि पन्नाशीच्या एक परिचर बाई ते हातानं उलटत होत्या. दर्यापूरकडच्या. "भाकर मीच थापून आणली घरून," त्या म्हणाल्या. "या पोरायले थापता येते कुठी?" शेजारच्या ट्रेमध्ये शिजवून वाळवलेलं मटण होतं, बिनमसाल्याचं. त्याच्याकडे बाईंनी तुच्छतेनं पाहिलं. तिखटाविना मटण हा त्यांना गुन्हाच वाटत असावा.

जिवाणूंचे दाते दोन. एक कार्यालयातले माळकरी बाबू, जन्मापासून शाकाहारी. दुसरा अकोल्याहून रोज अपडाउन करणारा विद्यार्थी, बुधवार-रविवार मटणाशिवाय न जेवणारा. दोघांनी संमतीच्या कागदावर सही करून सकाळचा ऐवज घट्ट झाकणाच्या डब्यात आणून दिला होता. तो पाण्यात कालवणं, गाळणं, मोजणं ही कामं नाक दाबून पटकन उरकली.

खरी कसरत पुढे. मोठ्या आतड्यातल्या बहुतेक जिवाणूंना हवा म्हणजे मरण. म्हणून खाद्यद्रव उकळून त्यातली हवा घालवायची, नळकांड्यातला कार्बन डायऑक्साइड बुडबुडत सोडायचा, आणि प्राणवायू गेला की नाही हे कळावं म्हणून रेझाझुरिन नावाचा रंग टाकायचा. प्राणवायू उरला असेल तर द्रव गुलाबी, गेला की बिनरंगी. पोरं घड्याळाकडे पाहत होती, बाई बाटलीकडे. "गुलाबी गेली, लावा बूच," असं त्यांनी म्हटल्यावरच बुचं लागत होती. बाटल्या चार: बाबूंचे जिवाणू भाकरीवर, बाबूंचेच मटणावर, आणि तशाच दोन विद्यार्थ्याच्या. भाकर आणि मटण दोन्ही आधी पाचक एन्झाइमांत मुरवलेलं, म्हणजे लहान आतड्यातून खाली उतरतं तेवढंच बाटलीत जावं. प्रत्येक बुचात सिरिंज खुपसलेली, आत लेड ॲसिटेटची पांढरी पट्टी टांगलेली. चारही बाटल्या 37 अंशांच्या कपाटात ठेवून सगळे घरी गेले.

चहा पिताना बाईंनी मला प्राध्यापक मॅडमचा आकडा ऐकवला. "मॅडमनं सांगतलं, शंभर ग्राम ज्वारीत दहा ग्राम चोथा. शंभराले दहा. अन् मटणात शून्य." हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या सारणीत ज्वारीचा तंतू खरोखर दहा ग्रॅमच्या किंचित वर आहे. गव्हाचं पीठ अकराच्या पुढे, पॉलिश केलेला तांदूळ तीनच्याही आत. बाईंना तांदळाचा आकडा विशेष आवडला होता, तो त्यांनी मला दोनदा सांगितला.

त्या दहा ग्रॅमवरच सगळा कारभार चालतो. आपल्याला पचतं ते वरच्या वर शोषलं जातं, खालच्या बिऱ्हाडाला मिळतो बहुतांशी चोथा. तो आंबवून जिवाणू ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी आम्लं करतात, आणि ब्युटिरेटवर मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी जगतात. चोथा आलाच नाही तर ते उरलेल्या प्रथिनांकडे वळतात, त्यातून अमोनिया सुटतो, सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड सुटतो. लेड ॲसिटेटची पट्टी काळी पडते ती त्याच वायूनं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता कपाट उघडलं. भाकरीच्या दोन्ही बाटल्यांतल्या वायूनं सिरिंजचे दट्टे वर ढकलले होते. बाबूंच्या बाटलीत थोडा जास्त, पण विद्यार्थ्याचाही दट्टा चांगलाच चढलेला. मटणाच्या दोन्ही बाटल्यांत दट्टा जेमतेम हललेला, आणि पट्ट्या? विद्यार्थ्याची काळीकुट्ट. माळकरी बाबूंची तेवढी नाही, पण काळीच. बाबू मुद्दाम पाहायला आले होते. आयुष्यात मटणाला शिवले नाहीत, आणि त्यांच्या पोटातल्या मंडळींनी एका रात्रीत ते चाखून पट्टी काळी केली होती. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गाडगेबाबाच्या जिल्ह्यातलं पोट हाय जी हे." सगळे हसले, तेही हसले.

दोन माणसं आणि चार बाटल्यांवरून काही सिद्ध होत नाही, असं मॅडमनी पोरांना तीनदा बजावलं. बरोबरच आहे. पण मोठ्या प्रयोगांतही असंच काहीसं दिसलंय. हार्वर्डच्या संशोधकांनी 2014 साली छापलेल्या प्रयोगात दहा जणांना पाच दिवस फक्त मांस, अंडी, चीज खायला घातलं. जेमतेम दिवसभरात पोटातली वस्ती हलली, पित्त सहन करणारा बिलोफिला वाढला. त्या दहांत एक जन्माचा शाकाहारी होता, त्याच्याही पोटातला चोथाखाऊ प्रेव्होटेला घसरला. जेवण पूर्ववत झालं तशी एक-दोन दिवसांत वस्तीही बरीचशी पूर्ववत. त्याआधी 2011 साली अमेरिकेतच झालेल्या अभ्यासात दिसलं होतं, की दहा दिवसांच्या पथ्यानं पाहुणे बदलतात पण घरमालक बदलत नाही. प्रेव्होटेलाचं घर की बॅक्टेरॉइड्स नावाच्या दुसऱ्या जिवाणूचं, हे त्यातल्या 98 जणांत वर्षानुवर्षांच्या जेवणाशी जुळलं. आपल्याकडे 2019 साली भोपाळ आणि केरळातल्या 110 निरोगी माणसांची तुलना छापून आली, त्यात भोपाळकडे प्रेव्होटेलाची चलती होती. पण भोपाळ आणि केरळात मांसाइतकाच गहू-तांदळाचाही फरक आहे, हे पंगतीत कोण सांगणार?

मला सर्वांत पटलं ते 2025 सालचं काम. इटलीतल्या त्रेंतो विद्यापीठाच्या पुढाकारानं 21,561 माणसांचे जिवाणू तपासले गेले. मांसाहारी ओळखू आले ते बिलोफिलासारख्यांवरून. शाकाहारी आणि दूधही न घेणारे यांच्यातला भेद दाखवणाऱ्यांत होता स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस, दही-योगर्ट लावणारा. मामांच्या गंगेत ताकाचा जिवाणू! आणि मांसाहारी असूनही ज्यांच्या ताटात भाजी-धान्य भरपूर, त्यांच्या पोटात शाकाहाऱ्यांशी जुळणारे चोथाखाऊ जिवाणू अधिक होते.

तेव्हा माझा कौल असा: वऱ्हाडातलं मटण भाकरीसोबत खाल्लं जातं, आणि पोटातल्या वस्तीला त्या भाकरीनं सांभाळलंय. मांस सोडायला दुसरी कारणं आहेत. गाडगेबाबांनी लेकीच्या बारशाला मटण-दारू नाकारून गोडाची पंगत घातली, असं सांगतात. बोकड कापू नका, कर्ज काढून पंगती घालू नका, म्हणून ते वलगावच्या पुलाशी देह ठेवेपर्यंत ओरडत राहिले. मुका जीव आणि सावकाराची वही ही त्यांची कारणं होती, त्यांना बिलोफिलाची गरज पडली नाही. मामांनी माळ खुशाल घालावी. फक्त माळेसोबत साबुदाणा, पांढरा भात आणि मैद्याची खारी वाढत गेली तर खालच्या मंडळींनी काय खायचं? शाकाहार सांभाळूनही चोथा हरवता येतो, आणि शहरातल्या कितीतरी पंगतींत तो रोज हरवतो.

निघताना बाई उरलेल्या बाटल्या ऑटोक्लेव्हमध्ये ठेवत होत्या. भाकरीचा वास अजून खोलीत होता. ज्वारी घरचीच का, म्हणून विचारलं.

"घरची कुठली जी? रानडुकरं ठेवतेत का? अकोल्याहून पोरगा घेऊन आला इकत."

त्यांच्या अडीच एकरांत सोयाबीन आहे. रेशनवर त्यांना मिळतात ते गहू आणि तांदूळ.