सवडीचे गणित

बाईने धंदा करायचा, तर घर कोणी सांभाळायचे? या प्रश्नाचा माग काढताना मी गिरगावातल्या एका गच्चीपाशी थांबते. १५ मार्च १९५९ रोजी तिथे ७ गुजराती गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले. पहिल्या दिवशी ४ पाकिटे भरली. पुढे त्याचेच 'लिज्जत' झाले.

या यशाचे श्रेय बहुतेक जण चवीला देतात. मला ते कामाच्या मांडणीत दिसते. पीठ केंद्रात मळायचे, बहिणींनी सकाळी ते घरी न्यायचे, सवडीने लाटून वाळवायचे आणि दुसऱ्या दिवशी पापड वजन करून देऊन मजुरी घ्यायची. नफ्यात सगळ्या भागीदार. कारखान्यातला एक टप्पा असा बाईच्या पोळपाटावर आला.

'सवड' हा शब्द मात्र मला खटकतो. माझी आई घरी शिवणकाम करायची. कुकरची शिटी झाली की मशीन थांबायचे. आमच्यापैकी कोणी उठत नसे. तिची कमाई आम्ही मोजली, झोप मोजली नाही. लिज्जतने बायकांना धंद्याची मालकी दिली. घरकामाची वाटणी कोणतीही संस्था करून देत नाही. ती घरातल्यांनीच करायची असते. आम्ही ती केली नाही.