आक्काचा सोमवार

आक्का, म्हणजे माझी आजी, गेली तेव्हा इथल्या पेपरात चौकट छापून आली. तिच्यात वात्सल्य होतं, निष्काम सेवा होती, चंदनासारखं झिजणंही होतं. आईने ती दोनदा वाचली आणि विचारलं, ‘‘ह्या बाई कोण गं?’’ आक्काला माया नव्हती असं कुणी म्हणणार नाही. पण मिरजेच्या दवाखान्यांत पेशंटबरोबर आलेल्या परक्या माणसांसाठी तिने जे काही चाळीस-पंचेचाळीस वर्षं केलं, ते घड्याळ, वही आणि भांडण यांच्या जोरावर. आणि बरंचसं माझ्या आईच्या मनगटांवर. म्हणून तिचा एक दिवस लिहून ठेवते. साधारण १९९० सालच्या उन्हाळ्यातला, सोमवारचा. रविवारी ओपीडी बंद असे, त्यामुळे सोमवारी गावात माणूस मावत नसे.

पहाटे पाच

आमच्या घरात पहिला जाळ आई करायची. आक्का तेव्हा ओसरीवर उभी राहून गल्लीतले दिवे बघायची. कुणाकडे दिवा लागला, कुणाकडे अजून अंधार, यावर तिचं सकाळचं बोलणं ठरे. भाकरीचा वाटा गल्लीचा होता: ज्या घराचा वार असेल त्या घराने दुरडीत चार-पाच भाकऱ्या टाकायच्या. आमटी नाहीतर पातळ भाजी आमच्याकडे. शाळूची भाकरी सगळ्यांचीच, पण लिंगायत काकूंच्या घरची कडक आणि पापडासारखी पातळ असे. ती कर्नाटकातल्या माणसांसाठी बाजूला काढायची. जैनांच्या घरून कांद्याशिवायची चटणी येई. मोमीन चाचींच्या भाकऱ्या सगळ्यात मोठ्या, त्यामुळे आम्ही पोरं त्यांच्याकडे आधी पळायचो, दुरडी लवकर भरते म्हणून.

फार पूर्वी कुणीतरी पेशंटच्या माणसाने ‘भाकरी कुणाच्या घरची?’ असं विचारलं होतं. आक्काने डबा त्याच्या हातातून काढून शेजारच्याला दिला. हा किस्सा तिने स्वतः कधी सांगितला नाही. ज्याला तो डबा मिळाला, तो सांगायचा.

साडेसात

बेळगावकडच्या गाडीला ती स्टेशनवर असे. तेव्हा मिरज जंक्शनात तिन्ही रूळ होते. पुण्याकडचं ब्रॉडगेज १९७१ पासूनचं, बेळगावकडे मीटरगेज, आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे ती चिमुकली नॅरोगेज. तिन्ही बाजूंनी माणसं यायची ती बहुतेक दुखणं घेऊन. याचं मूळ बरंच जुनं. डॉ. विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ साली इथे दवाखाना उभा केला, त्याची कीर्ती रायबाग, चिकोडी, विजापूर ओलांडून पार गोव्यापर्यंत गेली. मग १९६२ साली सरकारी मेडिकल कॉलेज आलं, आणि पुढे गल्लोगल्ली खासगी दवाखाने. मिरजेला जाऊन या, असं तिकडच्या खेड्यात कुणी म्हटलं की समोरच्याला काय ते कळायचं.

एक्स-रेचं पाकीट, वळकटी आणि घाबरलेली बाई एवढं एकत्र दिसलं की आक्का पुढे व्हायची. ‘‘यल्लिंद बंदीरी?’’ कुठून आलात, असं कन्नडात विचारायची. मग लगेच टांगेवाल्याला भाडं विचारायची, तेही मोठ्याने, आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं. फलाटाबाहेर कमिशनवाले उभे असत. कोणत्या दवाखान्यात पेशंट नेला की किती सुटतात, याचे त्यांचे भाव ठरलेले. आक्काने त्यांच्याशी कधी भांडण काढलं नाही. ती फक्त त्यांच्या आधी पोचायची.

नऊ

ओपीडीतलं तिचं काम मला सगळ्यात अवघड वाटतं. आजही वाटतं.

केसपेपरच्या रांगेत कुणीही उभं राहील. पण आत डॉक्टर मराठी, शिकाऊ डॉक्टर कुठकुठले, आणि समोर कन्नडशिवाय दुसरा शब्द न येणारा शेतकरी. डॉक्टरांनी काहीही विचारलं की हा मान हलवून म्हणे, ‘‘हौद्री.’’ गोळ्या घेतल्या? हौद्री. पोटात दुखतं? हौद्री. दुखायचं थांबलं? हौद्री. शिकलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, हा त्याचा संकोच. आणि कागदावर मात्र सगळी होकारार्थी लक्षणं उतरत.

आक्का डॉक्टरांचा प्रश्न जसाच्या तसा पुढे सरकवत नसे. गोळ्या घेतल्या का, याऐवजी ती विचारी की गोळीचा रंग कोणता होता. किती दिवस दुखतंय, याऐवजी विचारी की ज्वारी काढताना दुखत होतं का, पेरणीच्या वेळी दुखत होतं का. एका तरुण डॉक्टरांना हे आवडलं नाही. ‘‘मावशी, मी विचारतो तेवढंच सांगा.’’ आक्काने तेवढंच सांगितलं. तीन पेशंटकडून ओळीने ‘हौद्री’ ऐकल्यावर डॉक्टरांनी खुर्ची सरकवून तिला बसायला दिली.

तिचं शिक्षण सातवीपर्यंत. कन्नड तिला बोलता येई, लिहिता नाही. माहेर सीमेवरच्या गावात, भाषा अंगणात खेळताना आलेली. १९५६ आणि १९६० साली राज्यांच्या रेघा नव्याने ओढल्या गेल्या, पण दुखणाऱ्या माणसांची वाट काही बदलली नाही.

साडेअकरा ते एक

डबे. जर्मनचे, दोन खणी, कडीला लाल चिंधी बांधलेले. इथे नियम कडक होते. डबा पेशंटला नाही, पेशंटच्या माणसाला. पेशंटला काय द्यायचं ते सिस्टर ठरवतील, त्यात आपण तोंड घालायचं नाही, आणि उपाशी राहतो तो खाटेखाली झोपणारा. एक डबा एका माणसाला जास्तीत जास्त दहा दिवस. तोवर त्याने गावाकडून सोय करायची. एक रुपया अनामत. ज्याच्याकडे रुपया नसेल त्याने डबा घासून, पुसून, उपडा घालून परत द्यायचा. खरं तर घासून द्यायला तिने सगळ्यांनाच लावलं असतं, पण रुपया घेतला की माणसाची मान ताठ राहते, असं तिचं म्हणणं. मला ते तेव्हा कंजूषपणाचं वाटे.

सुट्टीत डबे पोचवायचं काम आम्हा भावंडांचं. वॉर्डात ‘आक्कांची नात’ म्हणून ओळख, त्यामुळे वॉचमन अडवत नसे. उन्हाने पाय भाजत, आमटी सांडे, घरी ओरडा बसे.

पुढे २००९ च्या सप्टेंबरात मिरजेत दंगल झाली, संचारबंदी लागली. गल्ल्यांची तोंडं बंद. तेव्हा आक्का अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिने एका ओळखीच्या ॲम्ब्युलन्सवाल्याला गाठलं आणि जाता-येता दोन्हीकडच्या दुरड्या उचलायला लावल्या. मोमीन चाचींच्या सुनेने त्या दिवसांत वार नसतानाही भाकऱ्या दिल्या. यावर आमच्या घरात चर्चा अशी झालीच नाही. पीठ पुरेल का, एवढंच बोलणं झालं.

दोन

ही झोपायची वेळ, पण तिची रक्ताची वही याच वेळी निघायची. लाल पुठ्ठ्याची, गटवार पानं. त्या काळात दवाखान्यांच्या आसपास रक्त विकणारे असत. गरजू माणूस दिसला की भाव चढवायचे. विकणाऱ्यांतही व्यसनी होते, आजारी होते, आठवड्याआड रक्त देणारे होते. सुप्रीम कोर्टाने जानेवारी १९९६ मध्ये निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून हा विकाऊ रक्ताचा धंदा देशभर बंद झाला. त्याच्या कितीतरी आधीपासून आक्का आपल्या वहीतून माणसं काढायची: मेडिकलची पोरं, हमाल, तालमीतले पैलवान, सतार बनवणाऱ्यांच्या गल्लीतले दोघे भाऊ. नावापुढे गट, त्यापुढे शेवटचं रक्त कधी दिलं ती तारीख. तीन महिने भरले नसतील तर माणूस पाया पडला तरी ती नाव देत नसे. ‘‘त्यालाही आई आहे,’’ म्हणायची.

निगेटिव्ह गटाचं पान जवळजवळ रिकामं होतं. त्या पानावरच्या चौघांची लग्नं, बदल्या, परगावी जाणं, सगळं तिला पाठ असे. एकाने पुण्याला नोकरी घेतली तेव्हा ती त्याच्यावर खरोखर रागावली होती.

स्वतः तिने आयुष्यात एकदाही रक्त दिलं नाही. दोनदा गेली, दोन्ही वेळा हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवली. घरात सगळ्यांना वाढून उरलेलं खाणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन किती असणार? पण तिला हा अपमान वाटला. वर्षभर गूळ-शेंगदाणे खाल्ले आणि पुन्हा गेली. वजन भरलं नाही.

चार

पत्रं. पंधरा पैशांची पोस्टकार्डं. मराठी ती लिही, कन्नड कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार लिहीत, गिऱ्हाईक नसेल तेव्हा. मजकूर एकच: ऑपरेशन झालं, पैसे एवढे लागतील, म्हैस विकू नका, आधी सोसायटीत विचारा. पुढे २०१३ साली सरकारची जीवनदायी योजना सगळ्या राज्यात आली, तेव्हा पत्रांची जागा रेशनकार्डांनी घेतली. पिवळं कार्ड, केशरी कार्ड, नावात चूक, वयात चूक. महाराष्ट्राचं कार्ड नसलेल्या रायबागच्या माणसाला ‘तुम्हाला हे लागू नाही’ हे सांगण्याचं कामही तिच्याकडेच आलं. ते करून आली की ती कुणाशी बोलत नसे.

सहा-सात

या वेळेचं ठरलेलं काही नाही. कुणी दगावलं असेल तर आक्का तिकडे.

एकदा मी बरोबर होते. उगारकडची बाई, नवरा गेलेला, बरोबर दहा-बारा वर्षांचा मुलगा. मला वाटलं आक्का तिला जवळ घेईल. आक्काने विचारलं, गावात फोन कुणाकडे आहे? सरपंचाकडे, बाई म्हणाली. नंबर मुलाला पाठ होता. आम्ही एसटीडी बूथवर गेलो, निरोप सांगितला, दाखला घेतला. मग आक्का रस्त्यापलीकडच्या जीपवाल्याकडे गेली. मयत न्यायला सगळे तयार होत नसत, आणि होत ते दुप्पट मागत. हा ठरल्या भाड्यात नेई. त्याच्या वडलांच्या वेळेला आक्काने दवाखान्यात रात्र काढली होती. जीप सुटेपर्यंत तिने त्या मुलाला दोन भाकऱ्या खायला लावल्या. तो नको म्हणत होता. ‘‘आता तुला रात्रभर आईकडे बघायचंय,’’ एवढंच ती त्याला कन्नडात म्हणाली, असं तिने मला नंतर सांगितलं. घरी येताना रस्त्यात ती रडली का, ते मला दिसलं नाही. ती माझ्यापुढे चालत होती, आणि भराभर चालत होती.

वर्षातून एकदा मात्र संध्याकाळी सगळं लवकर आटपे: मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ तिथे गाणं असतं, देशभरचे गवई हजेरी लावायला येतात. आक्का पुढे जाऊन बसायची आणि दुसऱ्या ख्यालाला गाढ झोपायची. घरी आल्यावर गाणं छान झालं म्हणायची.

साडेनऊ

हिशेब. आणि त्यानंतर, आठवड्यातून एकदा तरी, आई.

आई शाळेत शिक्षिका. पहाटे पाचला चूल, साडेदहाला शाळा, संध्याकाळी पंचवीसेक डब्यांचा ढीग. ‘‘सेवा तुमच्या आजीची, भांडी माझी,’’ असं ती आम्हाला म्हणे, पण सासूसमोर कधी नाही. त्या सोमवारी म्हणाली. आक्का रॉकेलचा खर्च लिहीत होती. आईने हात पुसले आणि सरळ सांगितलं, ‘‘आक्का, रविवारी मी हे करणार नाही. तुमचं काम मोठं आहे, मला मान्य आहे. पण मला आठवड्यातून एक दिवस माझं घर पाहिजे.’’

आजोबा पान लावायचे थांबले. आक्काने पेन्सिल खाली ठेवली नाही. गल्लीतल्या घरांची यादी काढली, बोट खाली खाली नेलं आणि म्हणाली, ‘‘रविवारचं कालवण जोशांच्याकडे टाकू. त्यांच्याकडे तीन बायका आहेत आणि तिघी भांडतात.’’ आणि त्यानंतर रविवारी आमच्या घरी डबा झाला नाही. यात आईचं कौतुक किंवा आभार असं काही झालं नाही. आईलाही ते नको होते. तिला रविवार हवा होता.

आता डबे फार थोडे जातात. ठिकठिकाणी अन्नछत्रं झाली, लोकांच्या हातात मोबाइल आले, पैसे गावाहून क्षणात येतात. पण लाल पुठ्ठ्याची वही चालू आहे. तिची आता फोनमध्ये यादी झाली आहे आणि ती आईच्या फोनमध्ये आहे. आई सत्तरीची आहे. परवा रात्री दहाला तिचा फोन वाजला. तिने गट विचारला, दवाखाना विचारला, पेशंटचं नाव दोनदा उच्चारून घेतलं, दोन मुलांचे नंबर दिले. मग म्हणाली, ‘‘आणि हे बघा, पुन्हा लागलं तर खुशाल करा. फक्त रविवारी करू नका, रविवारी मी उचलत नाही. जोशांचा नंबर लिहून घ्या.’’